पाच दिवसांची कायद्याची शाळा

गेल्या एप्रिलातील गोष्ट. सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर बसलो असता धर्मग्रामातील एक कुटुंब समोर येऊन उभे राहिले. वडील बागायतदार, केळी, पानवेल आणि थोडी फुले एवढ्यावर त्यांचा संसार. आई पहाटेच्या गाडीने मुंबईस भाजी नेणारी. मधोमध त्यांची थोरली मुलगी, अकरावीची परीक्षा नुकतीच दिलेली. तिच्या हातात एक कागद होता. हैदराबाद येथील एका विद्यापीठात शिकत्या मुलांसाठी पाच दिवसांचा निवासी कायदा-परिचय वर्ग भरावयाचा होता आणि त्यात तिची निवड झाली होती.

आनंदाची वार्ता आणणाऱ्या माणसांचे चेहरे असे नसतात, हे आमच्या ध्यानी आले.

"फादर, ही शिकून वकील झाली तर तिला रोज खोटे बोलावे लागणार ना?" आईने विचारले.

"आणि हैदराबाद का जवळ आहे? तिथे आपले कोण?" वडील म्हणाले.

मुलगी काही बोलेना. "काय बाय, तुझे काय म्हणणे?" असे आम्ही विचारले, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "फादर, मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. तिथे सगळे इंग्रजीतून चालणार."

तीन माणसे आणि तीन भये! वर्ग मेअखेरीस होता. हाताशी पाच आठवडे होते. कायद्याचे आम्ही पंडित नव्हे. सेमिनरीत असताना धर्मसभेचा कायदा शिकलो, तेवढीच आमची शिदोरी. तरीही आम्ही त्यांना दर शनिवारी संध्याकाळी येण्यास सांगितले. त्या पाच शनिवारांत जे घडले ते येथे देत आहोत, कारण हाच प्रश्न घेऊन आणखी काही घरांतील मुले उद्या आईबापांसमोर उभी राहणार आहेत.

प्रथम हा वर्ग म्हणजे काय ते पाहू. ही परीक्षा नव्हे आणि प्रवेशही नव्हे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, त्यातला हा प्रकार. विद्यार्थ्याने चार दिवस विद्यापीठात राहावे, व्याख्याने ऐकावी, एखादा निवाडा वाचावा, लुटुपुटीच्या न्यायालयात उभे राहावे आणि हा मार्ग आपला आहे की नाही याचा अंदाज घ्यावा, एवढाच त्याचा हेतू. इंग्लंडात सटन ट्रस्ट या संस्थेने १९९७ साली ऑक्सफर्ड येथे असे उन्हाळी निवासी वर्ग सुरू केले. ज्यांच्या घरातून विद्यापीठाची पायरी कोणी चढलेले नाही अशा मुलांची भीड मोडावी, हा त्यामागील विचार होता.

आपल्याकडे अशा वर्गांची गरज का भासावी? पूर्वी पदवी घेतल्यावर तीन वर्षे कायदा शिकत. तोवर माणूस विशी ओलांडून जाणता झालेला असे. प्राध्यापक माधव मेनन यांच्या पुढाकाराने बंगळूरला राष्ट्रीय विधी विद्यालय उभे राहिले आणि १९८८ साली तेथे बारावीनंतरच्या सलग पाच वर्षांच्या निवासी अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बसली. हैदराबादेत १९९८ साली नालसार विधी विद्यापीठ निघाले. शहराबाहेर शमीरपेठ येथे त्याचा परिसर आहे. महाराष्ट्रातही आता मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत. म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने पाच वर्षांची आणि बहुधा जन्माची वाट निवडावयाची! अशा वेळी आधी पाच दिवस चाखून पाहण्याची संधी मिळाली तर ती दवडू नये.

आता वडिलांचे भय. हैदराबादेत आपले कोण, असे ते विचारते झाले. आम्ही त्यांना सांगितले की मराठवाड्याचे जिल्हे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि १९५६ साली ते मुंबई राज्यास जोडले गेले. पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणूस शिक्षणासाठी, नोकरीसाठी व दाव्यांसाठी त्याच शहराची वाट चालत आला. तेथील विवेक वर्धिनी ही शाळा १९०७ सालची. ती उभारणारे केशवराव कोरटकर हे मराठी वकील. पुढे ते हैदराबादच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. मुसी नदीच्या तीरावरील त्या न्यायालयाची तांबड्या दगडांची, घुमटांची इमारत आजही उभी आहे.

तथापि इतिहासाने बापाचे काळीज शांत होत नाही, हेही आम्ही जाणतो. म्हणून आम्ही त्यांच्याकडून विद्यापीठास एक पत्र लिहवून घेतले. मुलींचे वसतिगृह वेगळे आहे काय? रात्री तेथे जबाबदार स्त्री कोण असते? स्थानकावर घ्यावयास कोण येणार? आजारी पडल्यास वैद्य कोठे? घरी फोन केव्हा करता येईल? चार दिवसांत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आले. आमचे सर्व आईबापांना सांगणे आहे की असे पत्र लिहिण्यात संकोच मानू नये. जी संस्था या प्रश्नांची उत्तरे देण्यास कुरकुरते, तेथे मूल पाठवू नये. आणि जी सरळ उत्तरे देते, तेथे केवळ अंतराच्या भयाने मूल अडवू नये.

आईचे भय अधिक खोल होते. वकील म्हणजे खोटे बोलणारा, ही समजूत आपल्या वाड्यांतून फार जुनी आहे, आणि तिला कारणे नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एका माणसाच्या लबाडीने सारा व्यवसाय मापू नये. मुंबईच्या माथारपाखाडीत राहणारे जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा (१८६४–१९३०) बॅरिस्टर होते. त्यांनी लोकमान्य टिळकांची वकिली केली, १९१६ साली स्थापन झालेल्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्षपद भूषविले आणि कामगारांच्या चळवळीस आपली बुद्धी वाहिली. नाशिकात १८६६ साली एका ख्रिस्ती घरात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या. तेथे कायदा शिकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८९२ साली त्या परीक्षेस बसल्या. पण स्त्रियांना पदवी देण्याची तेव्हा तेथे चालच नव्हती, म्हणून ती हाती पडावयास १९२२ साल उजाडले. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीचे दार १९२३ च्या कायद्याने उघडले. मधल्या काळात पडद्यातील विधवांच्या व अज्ञान मुलांच्या मालमत्तेची त्या राखण करीत राहिल्या.

वकील आपल्या पक्षकाराची बाजू मांडतो, याचा अर्थ तो खोटे सांगतो असा नव्हे. न्यायालयाची दिशाभूल करणे हा त्याच्या व्यवसायातही दोषच आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलणे, हे त्याचे काम. आईने हे ऐकून घेतले. पण तिचे समाधान आमच्या शब्दांनी झाले नाही. ते पुढे कसे झाले ते आता सांगतो.

पहिल्या शनिवारी मुलगी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आली. शेजारच्या कोणा विद्यार्थ्याने ते दिले होते. कलमे पाठ करावयाची, असा तिचा बेत. आम्ही पुस्तक बाजूस ठेविले आणि तिला म्हणालो, "बाय, तुझ्या घरच्या वाडीचा सातबारा घेऊन ये. तोच आपला पहिला धडा."

या सूचनेचे तिला नवल वाटले. परंतु कायदा म्हणजे अखेर कागद नीट वाचणे. सातबाऱ्याचा वरचा भाग गाव नमुना सात. जमीन कोणाच्या नावे, तिच्यावर कोणाचे काय हक्क आणि बोजे, हे त्यात असते. खालचा भाग नमुना बारा. त्यात पिकांची नोंद. नावापुढे जे आकडे असतात ते फेरफाराचे क्रमांक. नाव केव्हा व कसे चढले वा उतरले त्याची हकीकत फेरफारात सापडते. आपल्यापैकी कितीजणांनी आपल्या घरचा हा कागद शेवटपर्यंत वाचला आहे?

मुलीने तो वाचला. फेरफाराच्या नकलाही तिने तलाठ्याकडून आणविल्या. आणि दुसऱ्या शनिवारी ती आली ती गंभीर होऊनच. आजोबांच्या मागे वारसांची नोंद झाली तेव्हा तीन नावे होती. पुढल्याच फेरफारात आत्याचे नाव हक्क सोडल्याच्या एका ओळीने कमी झाले होते. "फादर," ती म्हणाली, "आत्याने सही केली तेव्हा तिला हे कोणी वाचून दाखविले होते का?"

वडील तेथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी ते प्रार्थनेस न थांबता घरी गेले.

वाचकहो, त्या क्षणी आम्हांस वाटले की आपण हे काय करून बसलो! एका मुलीस हैदराबादला पाठविण्याच्या खटाटोपात एका घराची शांती तर मोडली नाही ना? आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र नसल्यास मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. गोव्याचे नियम निराळे. पण आपल्याकडे कायदा हाच. तरीही बहिणीने भावासाठी सही करावी, ही रीत घरोघरी चालत आली आहे.

तिसऱ्या शनिवारी मुलगी एकटीच आली. आत्याची बाजू तिने दोन पाने भरून लिहून आणली होती. शब्दाशब्दांतून राग डोकावत होता. आम्ही ती वाचली आणि म्हणालो, "छान. आता दोनच पाने तुझ्या वडिलांच्या बाजूने लिही. अशी लिही की ती वाचून वडील म्हणतील, होय, हेच माझे म्हणणे."

हा आमचा शोध नव्हे. सेमिनरीत आमचे गुरुजी असेच शिकवीत. संत थॉमस अक्वायनस आपले मत मांडण्याआधी विरुद्ध पक्षाचे आक्षेप मांडतो. आपल्या देशातील न्यायशास्त्राचीही हीच परंपरा आहे. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. ज्याला दुसऱ्याची बाजू प्रामाणिकपणे सांगता येत नाही, त्याला आपली बाजूही नीट कळलेली नसते. विधी विद्यापीठांच्या लुटुपुटीच्या न्यायालयात विद्यार्थ्यास दोन्ही बाजूंनी बोलावयास लावतात, ते याचसाठी.

त्या आठवड्यात ती मुलगी वडिलांशी बोलली. बागेत पाणी सोडता सोडता तिने त्यांना विचारले आणि त्यांनी सांगितले. आजोबांच्या दुखण्यात काढलेले कर्ज, आत्याच्या लग्नाचा खर्च, वाडी विकावयाची वेळ आली असता तिघा भावंडांनी एकत्र बसून घेतलेला निर्णय, आणि त्यानंतरची वीस वर्षांची राबणूक. तिने ते सारे लिहिले, काही वगळले नाही. चौथ्या शनिवारी वडील पुन्हा आले. मुलीने ती पाने त्यांच्यासमोर वाचली. वाचून झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे सगळे खरे आहे. पण हेही खरे की तिला आम्ही वाचून दाखविले नव्हते."

आई दारातच उभी होती. ती आम्हांस म्हणाली, "फादर, वकिली अशी असेल तर जाऊ द्या तिला." आमच्या बाप्टिस्टांनी आणि सोराबजींनी जे साधले नव्हते ते त्या चार पानांनी साधले.

त्याच संध्याकाळी आम्ही मुलीस मेरी रॉय यांच्या दाव्याची हकीकत सांगितली. केरळातील या ख्रिस्ती शिक्षिकेने वडिलांच्या मालमत्तेत समान वाटा मागितला. त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्याने मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतील जे कमी ते मिळे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली निकाल दिला की तेथेही १९२५ चा कायदाच लागू आहे. मेरी रॉय २०२२ साली निवर्तल्या. मुलीने तो निवाडा आपल्या वहीत उतरविला आणि बरोबरीने त्या बाईंच्या भावाचे म्हणणे काय असावे, तेही लिहिले. आम्ही तसे सांगितले नव्हते!

आता उरले तिचे स्वतःचे भय, इंग्रजीचे. त्यावर आम्ही एक साधा उपाय योजिला. निवाड्याचे एकच पान घ्यावे. न कळलेल्या शब्दांखाली रेघ ओढावी, पण कोश लगेच उघडू नये. मग चार प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहावी. घडले काय? वाद कशाचा? न्यायालयाने ठरविले काय? आणि का? शेवटी तीच उत्तरे सोप्या इंग्रजीत लिहावी. यासाठी १९८५ चा ओल्गा टेलिस यांचा खटला आम्हांस उत्तम वाटला, कारण तो मुंबईच्या पदपथावरील झोपडीवासीयांचा. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. तथापि पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला आणि पावसाळा संपेपर्यंत झोपड्या हलवू नयेत असे बजावले. मग जिंकले कोण? या एका प्रश्नावर मुलीने आमच्याशी तासभर वाद घातला. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे आता संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात, आणि त्यांतील काहींचे मराठी भाषांतरही उपलब्ध असते. संविधानाची मराठी प्रत तर प्रत्येक घरात असावी. उद्देशिका आणि मूलभूत हक्कांचा तिसरा भाग एवढे वाचले तरी पाच दिवसांच्या वर्गास पुष्कळ झाले.

आणखी एक गोष्ट आम्ही तिला सांगितली. एके काळी मराठवाड्यातील मुले घरी मराठी बोलत आणि १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून उच्च शिक्षण घेत. परक्या भाषेतून शिकणे हे आपल्या माणसाला नवीन नाही. आणि उद्या ती वकील झाली तर तालुक्याच्या न्यायालयात तिची मराठीच तिच्या कामी येईल. जुने फेरफार वाचावयास इंग्रजी काय उपयोगाची!

प्रवासाची तयारी आईने केली. मुंबईहून हुसेनसागर एक्स्प्रेस पुणे-सोलापूरमार्गे रात्रभरात हैदराबादला नेते. मराठवाड्यातील वाचकांना देवगिरी एक्स्प्रेस सोयीची. पेटीत साधे, अंग झाकणारे सुती कपडे, कारण तेथील मे महिना मुंबईहून कोरडा व कडक. न्यायालयाच्या खेळासाठी एक पांढरा सदरा. पेटीचे कुलूप, पाण्याची बाटली, नेहमीची औषधे, ओळखपत्राच्या दोन नकला आणि आईबापांच्या संमतीचे पत्र. दोन वह्या, एक ऐकलेले लिहावयास आणि दुसरी मनात आलेले प्रश्न लिहावयास. "गोंगुऱ्याचे लोणचे जपून खा," एवढा एक सल्ला आमचाही. आणि परक्या मुलीबरोबर एका खोलीत राहावयाचे असल्याने दिवा केव्हा मालवावा हे पहिल्याच रात्री ठरवावे, असे आईने बजावले. तोही एक करारच की!

वडील तिला पोहोचवून आले आणि आणावयासही गेले. परत आल्यावर तिने सांगितले की पहिले दोन दिवस तिने तोंड उघडले नाही. चांगल्या शाळांतील मुले भराभर इंग्रजी बोलत. तिसऱ्या दिवशी लुटुपुटीच्या न्यायालयात तिच्या वाट्यास घरमालकाची बाजू आली, आणि तिच्या मनाचा ओढा तर भाडेकरूकडे. इतर मुले नाराज होऊन बाजू बदलून मागत होती. ती गप्प बसून लिहू लागली. अडखळत, चुकत ती बोलली, पण शिकविणाऱ्या बाईंनी विचारले, "विरुद्ध पक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे कोणते?" तेव्हा त्याचे उत्तर वर्गात तिनेच आधी दिले.

ती वकील होणार काय? तिचे अद्याप ठरलेले नाही, आणि आम्हांस त्यात काही वावगे दिसत नाही. पाच दिवस राहून "हे माझे काम नव्हे" असे कळले तरी तो वर्ग सार्थकीच लागला म्हणावयाचा. ठरलेच तर पुढील वाट माहीत असावी. राष्ट्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, क्लॅट, इंग्रजीतून होते. दोन तासांत १२० प्रश्न, सारे उताऱ्यांवर आधारित, आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा. म्हणजे तेथेही परीक्षा वाचण्याचीच. कला, वाणिज्य, शास्त्र यांपैकी कोणत्याही शाखेचा विद्यार्थी तिला बसू शकतो. महाराष्ट्र शासनाची विधी प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते. राष्ट्रीय विद्यापीठांचा खर्च वर्षास काही लाखांच्या घरात जातो, हे आईबापांनी आधीच समजून घ्यावे आणि शिष्यवृत्तीची चौकशी वेळेवर करावी. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० साली सुरू केलेली इडिया ही संस्था गरीब घरांतील होतकरू मुलांना या परीक्षेसाठी तयार करते व पुढेही साह्य करते.

आता शेवटची हकीकत. जूनमध्ये संत पेत्राच्या सणाला त्या घरी आत्या जेवावयास आली. जेवण झाल्यावर वडिलांनी फेरफाराची नकल आणून मुलीच्या हाती दिली आणि म्हणाले, "आत्याला वाचून दाखव." मुलीने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. आत्या ऐकत होती. पुढे काय करावयाचे हे त्या भावंडांचे अजून ठरावयाचे आहे. तलाठ्याच्या दप्तरात काही बदललेले नाही. मात्र वीस वर्षांपूर्वी जे वाचून दाखवावयाचे राहिले होते, ते आता वाचून झाले आहे.